सोड म्हणेपर्यंत

रात्र नव्हती. भर दुपार होती. गॅरेजचं शटर सताड उघडं होतं आणि शेजारच्या दुकानात वेल्डिंग जोरात चालू होतं. भूत फक्त अंधारात येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढे वाचू नये.

हे घडलंय. ज्या मेकॅनिकसमोर घडलं, त्याला खोटं बोलता आलं असतं तर एव्हाना त्याचे दोन बंगले झाले असते.

त्या दुपारी त्याचा दाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, जुनी गाडी घेऊन आला.

"मेहुणे, ब्रेकचं पेडल मऊ लागतंय. लोण्यात पाय घातल्यासारखं. संध्याकाळी गिऱ्हाईक बघायला येतंय, तेवढं नीट करून द्या."

मेकॅनिक गाडीकडे बघतच राहिला.

याच गाडीत बहीण गेली होती. उतारावर ब्रेक लागला नाही, समोर भिंत. स्टेअरिंग छातीत घुसलं होतं. आणि आदल्याच आठवड्यात ब्रेकचं काम त्यानं स्वतः केलं होतं. "भावानंच मारली," असं सगळे बोलले. आई तर त्या दिवसापासून त्याच्याशी बोलत नव्हती.

आणि हा निर्लज्ज तीच गाडी ठोकून, रंगवून विकायला निघाला होता!

हाकलून द्यावंसं वाटलं. पण चूक आपली होती का, हे त्याला एकदा बघायचंच होतं.

ऑइल भरलेलं. पाइप बाहेरून कोरडे, गळती नाही. पेडल भराभर मारलं की कडक व्हायचं, जरा थांबून दाबलं की पुन्हा मऊ. म्हणजे लाइनमध्ये हवा.

हवा काढायला दोघं लागतात. एक आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाजवळचा बारीक नट उघडून हवा सोडतो. "दाब... धर... सोड."

लग्नाआधी आत बहीणच बसायची. दोनदा पटपट मारायची, मग दाबून धरायची आणि ओरडायची, "धरलंय रे दादा!" तो 'सोड' म्हणेपर्यंत पाय हलवायची नाही. एकदा हा विसरून चहाला गेला. परत येतो तर बया तशीच बसलेली. "पाय मेला की माझा, गाढवा!"

आता तिथं दाजी बसला.

मागच्या डाव्या चाकाचा नट सैल निघाला. मेकॅनिकनं हवा काढली, जोर लावून नट आवळला. पेडल दगडासारखं झालं.

"झालं," तो म्हणाला.

"कसलं झालं? परत खाली गेलं!"

तो पुन्हा वाकला...

नट सैल. खाली ऑइलचं थारोळं.

मागे कोणी नव्हतं. पाना त्याच्याच हातात होता.

"उतरा दाजी. हे बघा."

दाजी मागे आला. नट बघितला आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. दोघंही मागे उभे. गाडीत कोणी नाही.

आणि ब्रेकलाइट लागला...

पटपट दोनदा. मग लागला तो लागूनच राहिला.



"वायर चिकटली असेल," दाजी पुटपुटला. पुढचं दार उघडलं. पेडल पार तळाला टेकलेलं. तो वाकला, बोटं मागे घालून वर ओढायला लागला. पेडल वर आलं...

आणि दाणकन खाली बसलं.

हाडांचा आवाज वेल्डिंगच्या आवाजातही ऐकू आला.

दाजी गुरासारखा ओरडला. लाथा झाडत होता, पण हात निघेना. पेडल उठायचं, पुन्हा बसायचं. मघापर्यंत लोण्यासारखं होतं तेच! बोटं चिरडली, कातडं सोललं, मॅट लाल झालं.

"सोड म्हणा! मेहुणे, तिला सोड म्हणा! तुमचंच ऐकते ती!"

ती कोण, हे मेकॅनिकनं विचारलं नाही.

"मीच सैल केला होता नट! मला टाकून माहेरी निघाली होती! नुसतं घाबरवायचं होतं हो... सोड म्हणा!"

एकच शब्द. जिभेच्या टोकावर आला होता.

तेवढ्यात त्या किंकाळ्यांखालून, गाडीतून, अगदी हळू आवाज आला...

"धरलंय रे दादा."

मेकॅनिकनं तोंड मिटलं.

शेवटी वेल्डर धावत आला आणि त्यानं पेडलचा दांडा कापला. दाजीचा हात मनगटापासून गेला. कबुली वेल्डरनंही ऐकली होती. पोलिसांनी दाजीला आत टाकलं. आई बोलायला लागली.

गाडी गॅरेजच्या मागे उभी आहे. पेडल नाही, बॅटरी काढलेली.

ब्रेकलाइट जळतोच आहे.

मेकॅनिक आता हवा काढताना 'सोड' म्हणत नाही. 'उचल' म्हणतो.

परवा मागून आवाज आला. दमलेला, रडवेला...

"पाय मेला की माझा..."

त्यानं तोंड उघडलं. पण शब्द बाहेर पडला नाही.

कारण वेदनेत दिलेली कबुली म्हणे कोर्टात टिकली नाही.

दाजी सुटलाय.

आणि गाडी न्यायला येतोय.