आधी दोष

पोस्टाच्या रांगेत पुढच्या माणसाच्या खांद्यावरून डोकावू नये, एवढं तिला कळत होतं. पण त्याने पाकीट काट्यावर ठेवलं आणि वरचा पत्ता तिला आयताच दिसला. पत्ता तिच्या घराचा होता. खाली पाठवणाऱ्याचं नाव होतं, आणि ते वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ते पाठवू नका," ती म्हणाली. "इथेच द्या."

तो वळला. उंच, जरासा वाकलेला, डोळ्यांत झोप नसलेला. "का?"

"माझ्याकडेच येतंय म्हणून. मीच ती... विश्वासू नसलेली विक्रेती."

खिडकीतल्या बाईंनी दोघांकडे पाहिलं. "रांग सोडा आणि खुशाल भांडा," त्या म्हणाल्या.

चार वर्षं ती घराच्या पुढच्या खोलीतून जुनी नाणी ऑनलाइन विकत होती. धंदा आत्याचा, शिस्तही आत्याचीच. नाणं विकताना आधी त्याचा दोष सांगायचा, मग गुण. कडेला खाच असेल तर ती पहिल्या ओळीत. झीज असेल तर कुठे आणि किती. चार वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने बोट ठेवलं नव्हतं. आणि सोमवारी या गृहस्थाने एक तारा देऊन लिहिलं, 'नाणं घासून चकचकीत केलेलं. फोटो वेगळा, वस्तू वेगळी. विक्रेती विश्वासू नाही.' तेव्हापासून दोन जुन्या गिऱ्हाइकांनी काही न बोलता मागणी रद्द केली होती. आत्या फोनवर एवढंच म्हणाली होती, "तू असं करणार नाहीस, मला माहीत आहे." तेच जास्त लागलं होतं.

खिडकीजवळच्या बाकावर तिने पाकीट फोडलं. नाणं नव्या चमच्यासारखं लखलखत होतं. जुन्या चांदीवर वर्षानुवर्षं चढलेली काळसर झाक म्हणजे नाण्याची कमाई. ती घासून काढली की संग्राहक त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

"मी सगळं तपासून घेतलं होतं," तोही तिच्याइतकाच तापलेला होता. "दोन्ही बाजूंचे फोटो, कडेचा फोटो, वजन, लोकांचे अभिप्राय, परत घेण्याची अट. आयुष्यातलं पहिलं नाणं हो. आणि तुमच्याकडूनच घेतलं, कारण –"

"कारण काय?"

"कारण तुम्ही आधी दोष लिहिता." त्याने नजर खिडकीबाहेर वळवली. "वर्षभर जेवताना तुमची वर्णनं वाचतोय. जी नाणी घ्यायची नाहीत, त्यांचीसुद्धा."

तिने पर्समधून भिंग काढलं, मोबाइलवर आपला फोटो उघडला. कडेची खाच जिथल्या तिथे होती. म्हणजे नाणं तेच. पण त्यावर बारीक, गोल-गोल रेघा उठल्या होत्या. हाताने घासलं तर अशा उठत नाहीत, त्याला फिरतं चाक लागतं. आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत काहीतरी गुलाबी अडकलं होतं.

तिने मान वर केली. नाण्याशेजारी त्याचा हात होता.

"हात द्या."

"अं?"

"उजवा. इकडे."

त्याने हात दिला. कोरडा, ऊबदार हात. तिने भिंग त्याच्या नखांवर धरलं, आणि क्षणभर... आपण काय शोधतोय हेच ती विसरली. मग दिसलं. नखांच्या कडांना तीच गुलाबी भुकटी होती.

"तुम्ही काम काय करता?"

"कवळ्या बनवतो. मी आणि बाबा. हा हिरड्यांचा रंग, कितीही धुतला तरी –" तो थांबला.

"नाणं आलं तेव्हा कुठे ठेवलंत?"

"पाकीट फोडलं तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी ते हातातलं..." त्याचा चेहरा उतरला. "निळ्या ट्रेमध्ये टाकलं. तयार कवळ्या त्यात जातात. बाबा त्यातलं उचलतात आणि पॉलिशच्या चाकाला लावतात. बघत नाहीत, विचारत नाहीत. त्यांना आता दिसतंही कमीच. संध्याकाळी म्हणाले होते, ते गोल काम झालं रे. मला वाटलं, काहीतरी असेल."

"माझी दोन्ही बाजूंनी तपासणी केलीत," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या घरात एक प्रश्न विचारला नाहीत?"

"चुकलं. साफ चुकलं माझं."

त्याने ते इतकं सरळ कबूल केलं की तिचा उरलेला राग हातातच राहिला, कुठे ठेवावा कळेना.

"अभिप्राय आत्ता काढून टाकतो."

"काढू नका. काढलात तर लोक म्हणतील, पैसे देऊन तोंड बंद केलं. बदला. खरं काय ते लिहा." मग नाणं त्याच्या हातात परत देऊन उठता उठता म्हणाली, "आधी दोष."

त्याने लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने वाचलं आणि चहा तसाच टाकून, नाणं जिथे पाठवलं होतं त्या पत्त्यावर, ती थेट त्यांच्या कारखान्यात जाऊन धडकली. दोन खोल्या, भिंतीवर फळ्याच फळ्या, त्यांवर दातांचे साचे. कोपऱ्यात म्हातारे गृहस्थ चाकाशी बसले होते.

"हे काय आहे?" तिने मोबाइल त्याच्यासमोर धरून वाचलं. "'आधी दोष. नाणं मी आणि बाबांनी बिघडवलं. विक्रेतीचा काडीचाही दोष नाही. मात्र ती चिडकी आहे. चारचौघांत हजेरी घेते. गालावर शाईचा डाग होता, तो तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.' सगळं जग वाचतंय हे."

"खोटं आहे का त्यात काही?"

"गुण कुठे आहेत? गुण लिहिलेच नाहीत."

"ते जगाने वाचायला नको होते." त्याने खिशातून तिच्याच दुकानाचं छोटं पाकीट काढलं. आत ते बिघडलेलं नाणं होतं. पाकिटावर, ती दोषांखाली जिथे गुण लिहिते तिथे, त्याने एकच ओळ लिहिली होती. 'मला ती फार आवडते. वर्षभर.'

तिने मोबाइल पर्समध्ये टाकला, भिंग काढलं आणि ती ओळ दोनदा वाचली. तिचे कान तापले. "हे काल पोस्टात सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हीच म्हणालात, आधी दोष."

आता या माणसावर रागवावं तरी कसं? तरी तिने प्रयत्न केला. पाकीट दोन्ही हातांनी घट्ट धरता यावं म्हणून हातातलं भिंग बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "वर्षभर वाचत होता, आणि एका शब्दाने –"

कोपऱ्यातून म्हाताऱ्यांचा हात सवयीने पुढे आला. भिंग तिने निळ्या ट्रेमध्ये ठेवलं होतं.

"बाबा, नको," ती म्हणाली.

चाक थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. बाबा म्हणून कुणी हाक मारली ते कळायला म्हाताऱ्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी भिंग न घासता, जसं होतं तसं तिच्या हातात दिलं.