अनोळखी नंबर

वाचनालयातल्या शनिवारच्या वर्गाला अकरा आजी-आजोबा आले होते. शिकवणारा होता कोपऱ्यावरच्या दुकानातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. ‘फिशिंग, मालवेअर, टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन…’ त्याची गाडी सुसाट सुटली आणि दहाव्या मिनिटाला पहिल्या रांगेतले निवृत्त पोस्टमन घोरू लागले.

ग्रंथपाल सहज डोकावायला आली होती. तिला राहवेना.

“फिशिंग म्हणजे गळ टाकणं,” ती दारातूनच म्हणाली. “लॉटरी लागली, खातं बंद होणार, लगेच इथे दाबा… हे आमिष. काटा आत असतो. संदेश आला की घाई करायची नाही, ज्याच्या नावानं आला त्यालाच गाठून विचारायचं.”

पोस्टमन जागे झाले. सगळे हसले. शिकवणारा मात्र तिच्याकडे बघतच राहिला.

वर्ग संपल्यावर तो तिच्या टेबलाशी घुटमळला. “मला… बोलता येत नाही हो असं. शिकवाल?”

“फी परवडेल?”

“सांगून तर बघा.”

“रोज एक अवघड शब्द आणायचा. सोपा केल्याशिवाय घरी जायचं नाही.”

मग रोज संध्याकाळी तो येऊ लागला. मालवेअर म्हणजे पाहुणा म्हणून आलेला चोर, हे तिनं सुचवलं. टू-फॅक्टर म्हणजे एका दाराला दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन खिशांत, हे त्याचं स्वतःचं. ते जमलं त्या दिवशी त्याला इतका आनंद झाला, की छत्री तिथेच विसरून तो पावसात भिजत गेला. ती खिडकीतून पाहत राहिली… आणि पुस्तकावर चुकीच्या तारखेचा शिक्का मारून बसली.

एका गुरुवारी तो आला नाही. शुक्रवारीही नाही. संध्याकाळी तिच्या फोनवर अनोळखी नंबरवरून संदेश आला – ‘तुम्ही मला फार आवडता. लगेच उत्तर द्या. – तुमचा विद्यार्थी.’

तिनं तो दोनदा वाचला. पण अनोळखी नंबर, वर घाई… कुणी थट्टा केली असेल तर? आणि नसेल तर? घरी गेल्यावर तिनं तो संदेश आत्याला वाचून दाखवला.

आत्या चष्मा पुसत म्हणाली, “अगं, दुकान चार पावलांवर आहे. जा की.”

तो टेबलाखाली वाकून स्क्रू शोधत होता. तिला पाहून उठताना डोकं आपटलं.

“हा नंबर तुमचा?”

“हो. जुना फोन बादलीत पडला, सिमही गेलं; हा नवा नंबर. दोन दिवस त्यातच गेले.”

“आणि हा संदेश?”

“तोही… माझाच.”

“मग तोंडानं सांगा.”

त्याचे कान लाल झाले. स्क्रू मुठीत घट्ट धरून तो म्हणाला, “मला तुम्ही आवडता. सोप्या शब्दांत सांगायचं तर… फार.” मग हळूच, “उत्तर का नाही दिलंत?”

“अनोळखी नंबरला देत नाही मी,” ती हसली. “म्हणून तर चालत आले. तुम्हीही आवडता मला. केव्हापासून, ते विचारू नका.”

त्यानं शटर ओढलं. तिच्या घरापर्यंतच्या पाच मिनिटांच्या वाटेला त्यांना पाऊण तास लागला. दारात आत्या उभीच होती. तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“या. लाजताय काय,” ती म्हणाली, “भाचीच्या बोलण्याची गाडी महिनाभर तुमच्याच नावावर अडली होती.”