शेजारच्या सीटचा दिवा

या, असे जवळ सरकून बसा. दाराच्या फटीत ते ओलं फडकं कोंबा आधी. बाहेर सोंदा सुटलाय, आणि हा तापलेला वारा एकदा आत शिरला की धूळ घशात बसते नि गोष्ट अर्ध्यावर राहते. आज एका तहानेची गोष्ट सांगतो. देवाचं नाव घेऊन सांगतो, म्हणजे पदरचं काही घालणार नाही आणि काही लपवणारही नाही.

आपल्या कौसेतेचा देल्फोर आग्वेरो तुम्हाला ठाऊक असेलच. वाइनच्या कारखान्यात टाक्यांचं तापमान बघण्यात त्याची उभी हयात गेली. माणूस खोटं बोलेल, काटा बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. निवृत्त झाला, घरी बसला, आणि बायको एर्मेलिंदा गेल्यावर तर भिंतीवरच्या थर्मामीटरशी बोलण्याइतका एकटा पडला. लेक ग्रिसेल्दा लग्न होऊन चेपेसला, वाळवंटाच्या पलीकडे. आईच्या वर्षश्राद्धानंतर तिनं बापाशी बोलणं टाकलं होतं. आणि एक दिवस अचानक तिचाच फोन आला.

"उद्या बाळाचा बाप्तिस्मा आहे. चर्चमध्ये, संध्याकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेआधी. तुम्ही यावं."

"येतो की, पोरी. नक्की येतो."

"आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला पण असंच म्हणाला होतात. या खेपेला नाही आलात, तर पुन्हा तसदी घेऊ नका."

बोबडं बोलायला लागल्यापासून जी पोर 'पापा, तू' म्हणायची, ती 'तुम्ही' म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं गाव कवाडं लावून झोपलेलं असताना, तो निघाला. मागच्या सीटवर सेमितांची, चरबी घातलेल्या छोट्या पावांची पुरचुंडी, लेकीला आवडतात म्हणून. पायाशी पाण्याच्या दोन बाटल्या. गाडीचं पाणी, तेल, टायर सगळं सकाळीच तपासलेलं. वायेसितोचं थोरलं देवस्थान मागं पडलं. मारायेसच्या पुढं रस्ता सरळ सुतासारखा धावतो. दोन्ही बाजूंना खारीलाची खुरटी झुडपं, वर पांढरं पडलेलं आभाळ, आणि गाडीच्या काचांवर बारीक वाळूची सळसळ. तिथंच रस्त्याकडेला माउलीची एक धाकटी घुमटी आहे.

माउली म्हणजे आपली दिफुंता. नवऱ्याच्या शोधात तान्हं बाळ कडेवर घेऊन या रानात चालत निघाली, तहानेनं प्राण गेला, आणि गुराख्यांना सापडली तेव्हा बाळ तिच्या छातीशी दूध पीत होतं, जिवंत. म्हणून आपण तिला पाणी ठेवतो. एर्मेलिंदा तर घुमटी चुकवायचीच नाही. बाटलीच्या टोपणावर लाल लोकरीचं टोपडं चढवायची, गळ्याशी दुहेरी गाठ मारायची, आणि ठेवून यायची.

"मेलेल्या बाईला पाणी कशाला गं?" देल्फोर गाडीतूनच ओरडायचा.

"माणूस मरतं रे. तहान कुठं मरते?" ती म्हणायची. "तू हॉर्न तरी वाजव, दगडा."

त्या दुपारी देल्फोर थांबला नाही. हॉर्नही वाजवला नाही. उशीर नको, एवढंच त्याच्या मनात होतं.

घुमटी आरशात दिसेनाशी व्हायच्या आतच समोर लाल दिवा लागला. पाण्यात बुडालेल्या थर्मामीटरचं चित्र. काटा टोकाला.

तो घाबरला नाही. कडेला घेतली, इंजिन निवू दिलं, जाड फडकं धरून पाण्याच्या टाकीचं झाकण हळूहळू सोडलं. वाफेचा फुसकारा आला नाही. टाकी कोरडी होती. त्यानं खाली वाकून पाहिलं. जमिनीवर थेंब नाही. पाइप दाबून पाहिले, धड होते. पंप सुका, पंखा फिरता. डिपस्टिक काढली, तेलात पाणी गेलं असतं तर ते दुधाळ दिसलं असतं, ते स्वच्छ होतं. मग पाणी गेलं कुठं? काटा खोटं बोलत नव्हता, पण खरं काय ते सांगतही नव्हता.

दोन्ही बाटल्या टाकीत रिकाम्या करून तो निघाला. हाकेच्या अंतरावर पुन्हा लाल दिवा. पुन्हा टाकी कोरडी, ताट चाटूनपुसून ठेवावं तशी.

इतक्यात समोरून एक ट्रक आला नि थांबला. ट्रकवाला ढेरीवरचा सदरा सावरत उतरला.

"काय मालक, घोडी दमली वाटतं!"

"पाणी पितेय. गळत कुठंच नाही."

"बायकोसारखं आहे मग. पैसे जातात, दिसत कुठंच नाहीत." तो स्वतःच हसला. "माझ्याकडं थर्मासातलं उकळतं तेवढं आहे, ते पाजून तिला मारू का? मागं माउलीकडं बाटल्यांचा ढीग पडलाय. घ्या खुशाल. सगळेच घेतात अडीनडीला. फक्त तोंडानं विचारायचं, 'आई, घेऊ का?' आणि परतताना भरून ठेवायच्या."

त्यानं येर्बाच्या पाल्याचा कडू काढा तुंब्यात भरून दिला. देल्फोरनं नळीनं ओढून घेतला, तुंबा परत केला. ट्रकवाल्यानं पुन्हा भरला, आणि रीतीप्रमाणे पुढच्या माणसाला द्यावा तसा हात गाडीच्या खिडकीकडे नेला. शेजारच्या सीटच्या खिडकीकडे. मध्येच थांबला.

"काय झालं?" देल्फोरनं विचारलं.

"काही नाही. ऊन फार आहे, काच चकाकते." तो काढा त्यानं स्वतः घाईघाईनं संपवला. निघताना मात्र टोपीला हात लावला, गाडीकडे बघून.

देल्फोर घुमटीकडे चालत गेला. उन्हानं पिवळ्या पडलेल्या बाटल्या, मेणाचे ओघळ, कुणी वाहिलेल्या नंबरप्लेटी. तोंडानं विचारायची त्याला लाज वाटली. ऐकायला होतं कोण तिथं! मुकाट्यानं मावतील तेवढ्या बाटल्या त्यानं कवेत घेतल्या.

टाकीत पाणी ओततो तर आतून आवाज येऊ लागला. पाणी पाइपात उतरतं तसा खळखळाट नव्हे. घट. घट. मग जरा थांबून श्वास घेतल्यासारखं. पुन्हा घट, घट.

तीन बाटल्या संपल्या. टाकी कोरडी.

तो आत येऊन बसला, किल्ली फिरवली. आता दोन दिवे होते. एक थर्मामीटरचा. दुसरा, बसलेल्या माणसाचं इवलंसं चित्र, छातीवर तिरका पट्टा. शेजारी बसलेल्यानं पट्टा लावला नाही की लागतो तो.

शेजारी कुणी नव्हतं.

उन्हानं वायर तापली असेल, तो मनाशी म्हणाला. सीट झटकली, थोपटली. सीटखाली हात घालून जोडणी उपसून काढली. दिवा तसाच.

तेव्हा त्याला इस्पितळातली ती शेवटची रात्र आठवली. खरं म्हणजे तो ती कधी विसरलाच नव्हता. सकाळी ऑपरेशन, तोंडावाटे थेंबही द्यायचा नाही, असं बजावलेलं. "एक घोट दे ना, देल्फोर," एर्मेलिंदा म्हणत होती. "ओठ भिजतील एवढंच." आणि नियमाचा पक्का देल्फोर म्हणत होता, "सकाळी. डॉक्टर देतील सकाळी." सकाळ तिला दिसली नाही. धावत आलेल्या ग्रिसेल्दानं आईचे भेगाळलेले ओठ पाहिले, बापाकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून ती 'तुम्ही' म्हणू लागली.

सूर्य कलला होता. चेपेसला चर्चच्या पायरीवर लेक रस्त्याकडे बघत असेल.

उरलेली बाटली त्यानं उचलली. आता कुठं त्याचं लक्ष गेलं. टोपणावर लाल लोकरीचं टोपडं होतं. गळ्याशी दुहेरी गाठ. उन्हात पडलेली बाटली, पण हाताला गार लागत होती. आत पाणी गळ्यापर्यंत.

टाकीत ओतायची म्हणून तो गाठ सोडवू लागला. गाठ सुटेना.

मग तो गाडीला वळसा घालून पलीकडे गेला. दार उघडलं. बाटली सीटवर उभी ठेवली.

"घे," तो म्हणाला. "पी. आता नाही म्हणणार नाही."

त्यानं पट्टा ओढला. रिकाम्या सीटला जेवढा लागतो त्याहून बराच जास्त ओढावा लागला.

खट.

तो परत येऊन बसला. समोर एकही दिवा नव्हता.

टाकी कोरडी होती, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. रिकाम्या टाकीवर काटा फसवू शकतो, हेही त्याला ठाऊक होतं. म्हणून तो इंजिनाचा आवाज ऐकत राहिला. इंजिन गार पाण्यावर चालावं तसं चालत होतं. उजवीकडे, शेजारच्या सीटकडे, त्यानं एकदाही पाहिलं नाही. वारा पडला होता. चेपेसचे दिवे दिसेपर्यंत त्याच्या उजव्या हाताला गारवा लागत राहिला.

चर्चची घंटा वाजत होती. ग्रिसेल्दा बाळाला खांद्यावर घेऊन पायरीवर उभी. बापाला पाहून हसली नाही, पण खाली उतरली.

"सेमिता आणल्यात," देल्फोर म्हणाला.

पुरचुंडी घ्यायला तिनं चुकून पुढचं दार उघडलं, आणि तिथंच थांबली.

"ही आईची गाठ आहे."

"घुमटीवर सापडली."

तिनं पट्ट्याखालून बाटली ओढून काढली, उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"पापा," ती हलकेच म्हणाली, "ही रिकामीच घेऊन आलास तू?"

गाठ जशीच्या तशी होती. टोपडं टोपणावर घट्ट. आणि बाटलीत थेंब नव्हता.

बाप्तिस्मा झाला. लेक पुन्हा फोन करते, रविवारी. गाडी गॅरेजात दाखवली, कुणाला काही दोष सापडला नाही. सीटखालची जोडणीही त्यानं पुन्हा बसवून घेतली. एकच आहे. देल्फोर अजून त्या रस्त्यानं जातो, आणि शेजारचा पट्टा मुद्दाम लावत नाही. एक डोळा समोरच्या दिव्यांवर ठेवून चालवतो. घुमटीशी हॉर्न वाजवतो, उतरतो, तोंडानं विचारतो, भरली बाटली ठेवतो. दिवा काही लागत नाही. घर आहे तसंच आहे, एका माणसाचं.

तेव्हा बाबांनो, मारायेसच्या पुढं कधी गेलात, तर एवढं करा. घुमटीशी थांबा, माउलीचं नाव घ्या, आणि एर्मेलिंदाचीही आठवण ठेवा. एक भरली बाटली ठेवा तिच्या नावानं. टोपण घट्ट लावलंत, वरून गाठ मारलीत, तरी चालेल.