पायरीवरची बाई

सवाटच्या घशातली गाठ साधी निघाली आणि नवस अंगावर आला.

नवस बोलली होती त्याची लेक लमाय. बुरीराम मुलखात आजीदेवीला कुणी उकडलेली अंडी कबूल करतं, कुणी नाच. लमायनं सिनेमा कबूल केला. तोही बापाचा लाडका, जुना, मुका. म्हणजे पडद्यावर नुसती चित्रं, आणि बोलणं सगळं माईकपाशी बसलेल्या माणसाचं. नायक, नायिका, खाष्ट सासरा, अंगणातला कुत्रा, सगळे सवाटच. उभी हयात त्यानं ह्याच धंद्यात काढली होती.

दिवस मावळताना देवळासमोर पडदा ताणला. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या. त्या आजीच्या आणि तिच्या गोतावळ्याच्या. तिथं शहाणा माणूस बसत नाही. सवाट नेहमीसारखा घाईत आला, पायऱ्यांशी चपला भिरकावल्या, एक आडवी, एक पालथी, आणि वर ओट्यावर जाऊन बसला.

देवीपुढे लाल सरबताच्या बाटल्या मांडता मांडता लमाय थबकली.

"बाबा, घोळ झालाय."

"आता काय?"

"मी आजीला बोलले होते, सिनेमातल्या एकूण एक माणसाला बाबा आवाज देतील."

"देतोच की!"

"आणि ती पायरीवरची बाई?"

सवाटचा हात माईकवरच राहिला.

नायकाच्या घरातली ती कुणी लांबची नातलग. अख्ख्या सिनेमात एक शब्द बोलत नाही. घरात येणारा जो तो पायताण कसंही टाकतो, आणि ही मागून ते उचलून, बाहेर तोंड करून नीट लावते. जाणाऱ्याला वाकायला नको. शेवटी भर पावसात नायक लढाईवर निघतो. सगळं घर ऊर बडवतं. ही तेवढी त्याच्या चपला पदरानं पुसते, लावते आणि मान खाली घालते. नायक पुन्हा येत नाही. लोक रडायचे नायिकेसाठी. सवाटचा जीव गलबलायचा तो ह्या बाईसाठी. काय काम केलं होतं तिनं! आणि सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये नाव म्हणून नाही. त्याचे गुरू चुआन म्हणायचे, "तिच्या तोंडात शब्द घातलास तर थोबाड फोडीन."

"तिला मी बोलवणार नाही," सवाट म्हणाला. "बोलली की मेली ती."

"आणि गाठ उलटली म्हणजे?" लमायचे डोळे भरून आले. "देवाशी हट्ट कशाला, बाबा? नुसतं 'या' म्हणा तिच्या तोंडून."

"राहू दे गं तिला," मशीनवाला दाम खालून ओरडला. "बाकी सगळ्यांची वाट लावलीच आहे काकांनी!"

मशीन सुरू झालं. सवाटचा आवाज आज खणखणीत लागला होता. रिकाम्या खुर्च्यांमागे गाव खिदळलं, हळहळलं. मग तो पाऊस आला, पायऱ्या आल्या, आणि चपला पुसणारी ती.

लमाय हात जोडून बापाकडे बघत होती. सवाटला तिचा चेहरा बघवेना. एकच शब्द, पोरीसाठी, म्हणून त्यानं तोंड उघडलं.

घसा मिटला.

खाकरायला त्यानं माईकचा खटका बंद केला. रातकिडे थांबले होते.

पडद्यावर बाईनं मान वर केली.

इतक्या वर्षांत ह्या जागी त्याला फक्त तिचा भांग दिसला होता. आता डोळे दिसले. ते नायकाकडे बघत नव्हते.

"पायऱ्या ओल्या आहेत," कर्ण्यातून आवाज आला. वयस्क, किंचित घोगरा. "जपून उतरा."

सवाटला भीती नाही वाटली. त्याचे हात आपसूक जोडले गेले. 'जाऊ नका' नाही, रडणं नाही, एवढंच. "काय बोललीस, बाई," तो पुटपुटला, आणि पुटपुटताना कळलं, घसा मोकळा झालाय. खटका चालू करून त्यानं सिनेमा शेवटाला नेला.

लमाय धावत आली. "बाबा! कुठून काढलात हो तो आवाज? काटा आला अंगावर. आणि म्हणे बोलवणार नाही!"

"हं," सवाट म्हणाला.

तो उतरायला निघाला. भाताची कापणी झाल्यापासून पावसाचा टिपूस नव्हता. वरच्या पायरीवर अनवाणी पाऊल टेकलं, आणि गार लागलं.

पायऱ्यांवरून पाणी ओघळत होतं. त्यानं कठडा धरला.

खाली त्याच्या चपला शेजारी शेजारी होत्या, पुसलेल्या, बाहेर तोंड करून.