पिकअपवरचा अंगठा

या जगात अविनाशी असं काही नाही. राज्यं गंजतात, कीर्ती गंजते, माणूसही गंजतो.

हे ज्ञान मला बोईसरच्या हवेत उघड्या राहिलेल्या खिळ्यांच्या डब्यामुळे झालं.

पुढचं मात्र खरं आहे. आयुष्यभर लोकांची थट्टा लिहून पोट भरलं, त्यामुळे माझ्या शब्दावर कुणी पटकन विश्वास ठेवत नाही. तरीही खरं आहे.

गेल्या वर्षीची अष्टमी. बेटेगावातलं माझं घर. तिन्हीसांजेची वेळ.

माझा भाचा धीरज केमिकल कारखान्यात होता आणि लग्नांच्या हळदीत वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचा. त्याचा घाम असा, की हात लावील ते लोखंड काळं पडायचं. वाजवताना उजवा अंगठा तो पिकअपवर टेकवायचा. तारांखालच्या त्या चकचकीत पत्र्यावर अंगठ्याएवढा काळा डाग पडला होता.

मे महिन्यात चिंचणीची हळद वाजवून मोटारसायकलवर परत येताना तो अपघातात गेला.

त्याची बायको तेजल त्या संध्याकाळी गिटार घेऊन आली.

"मामा, उद्या खंडेनवमी. पूजेला ठेवायचीय. तुमी देव घासता तशी घासून द्या."

"देव तक्रार करत नाहीत, म्हणून ते जमतं."

ती हसली नाही.

"तो अंगठा तेवढा राहू द्या. दुसरं काय उरलंच नाय."

ती गेली. मी तारा काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. चिंच-मीठ घेतलं. तारा पिळायच्या वरच्या किल्ल्या घासल्या, तारा टेकतात तो खालचा ब्रिज घासला, दातांच्या जुन्या ब्रशने स्क्रूच्या खाचाही सोडल्या नाहीत. देव घासणाऱ्या हाताला एक खोड असते. सगळं लखलखल्याशिवाय तो थांबत नाही.

थांबला तेव्हा डाग नव्हता.

पत्र्यात माझाच चेहरा दिसत होता.

आता तेजलला काय सांगू?

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. बाहेरची कुत्रीही गप्प झाली.

आणि मग...

धम्.

कानाला नाही, छातीला लागलं. फुलपात्रातलं पाणी थरथरलं.

धम्... धम्...

नवरदेवाला नाचायला उठवताना धीरज जो धरायचा, तोच ठेका.

मी चाचपडत गिटारवर हात ठेवला. एकही तार नव्हती.

तारा डब्यात होत्या. झाकण घट्ट होतं.

लाईट आली.

पत्र्यावर डाग होता... काळा. ओला.

कशाबशा तारा चढवल्या आणि गिटार कपाटात बंद केली.

सकाळी तेजलने आधी तेच पाहिलं.

"राहू दिलात, मामा."

तिने त्यावर आपला अंगठा टेकवला. बराच वेळ काढलाच नाही.

"मामा... हा गरम हाय."

"उन्हात ठेवली होती," मी म्हणालो.

ती गिटार घेऊन गेली. मला वाटलं, संपलं.

आता रोज तिन्हीसांजेला माझ्या दाराच्या पितळी कडीवर एक डाग उमटतो. अंगठ्याएवढा.

बाहेरच्या नाही... आतल्या कडीवर.

मी घासतो. तो परत येतो. तेजलला सांगितलेलं नाही. ती कडी मागून नेईल.

धीरज, येत जा बाबा, घर तुझंच आहे. फक्त कडी लावण्याआधी हात पुसत जा. चिंच संपली आहे.