लेकीचा टब

सुयशचं काम पाण्यातलं. धरणाच्या दारांना कुठं भेगा पडल्यात, ते बुडी मारून कॅमेऱ्यात टिपून आणायचं. या खेपेला धुळ्याकडच्या एका धरणावर मुक्काम लांबला, म्हणून मृणाली तान्ह्या आमूला घेऊन धरणगावच्या घरून आली होती. कॅमेरा जपायचं काम तिनंच अंगावर घेतलं. कॅमेरा वर आला की त्याच्या पाणबंद पेटीसकट स्वच्छ पाण्यात बुडवायचा, गाळ सुटू द्यायचा, कोरडा पुसायचा, मगच पेटी उघडायची. रबराच्या कड्यात केस जरी अडकला तरी आत पाणी शिरतं, हे तिला पाठ झालेलं.

त्या दुपारी बादली फुटलेली निघाली. तिनं आमूचा आंघोळीचा टब घेतला.

चौकीदाराची बायको भागाबाई दारातच थबकली. "व माय, धरणनी वस्तू पोरीना टबमा? पहिले काठवर धुवानी, मंग घरमा आनानी. आठली रीत शे."

"का हो अक्का?"

"मांगला साल एक बाई बुडनी आठे. घर तिनं तान्हं व्हतं. बाई काई सापडनी नई."

"अक्का, तुम्ही खाली या माझ्यासोबत," सुयश हसला. "तुम्हाला बघून भुतं पळतील!"

मृणालीही हसली, पण आमूला तिनं टबापासून जरा लांब बसवलं. तेवढ्यात चुलीवर दूध उतू गेलं. ती धावली. मागं आमू खिदळत होती. ओळखीचं माणूस दिसल्यावर खिदळते, तशी.

परत आली तर आमू टबाला धरून उभी. पाणी डुचमळत होतं. ओल्या मातीचा थंड वास खोलीभर पसरला होता.

सुयशनं पेटी पुसून उघडली. आत थेंबही नव्हता. भिंगावर मात्र काळ्या मण्यांचा दोरा पडला होता.

मृणालीनं आमूचं उजवं मनगट पाहिलं, जिथं दृष्टीचा दोरा बांधलेला असायचा... रिकामं.

कॅमेरा चालूच राहिला होता. सुयशनं चित्रण लावलं. टबाच्या तळातून वर दिसणारा उजेड. मग आमूचा इवलासा पंजा पाण्यात आला. आणि खालून... तळातून... दुसरा हात वर गेला. बोटं सुजलेली, पांढरी. त्यानं आमूचं मनगट हळूच कुरवाळलं.

"बंद करा..." मृणाली कशीबशी बोलली.

भागाबाईनं सांगितलं तसे मणी धरणात सोडले, टब तिथंच टाकला, आणि संध्याकाळच्या आत ती माणसं धरणगावला निघाली.

घरी नवा टब आणला. पण आंघोळीला बसवलं की आमू उजवा हात पाण्यात खाली सोडते आणि तळाकडं बघत राहते. कुणाची वाट बघावी तशी.

काल ती अचानक खिदळली. मृणालीनं घाबरून तिचा हात बाहेर ओढला. मनगटावर काळे मणी होते. तेच.

दोरा मात्र नवा होता.