माझ्या चाकाचा मोर

माझ्या रहाटाच्या चाकाचा ज्यानं मोर केला, तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्या मोरावरची राख फुंकत होता. प्रेमानं!

दुसरी मोठी लढाई नुकती संपली होती. लोखंड मिळायची मारामार. आमच्या लोधिवलीच्या विहिरीवरचं चाक मोडलं, म्हणून मी ते चौक गावी सखामिस्त्रींच्या गॅरेजात जोडायला टाकलं होतं. आठ दिवस नुसत्या दोरानं पाणी ओढून तळहात सोलून निघाले. आणि इथं चाकाच्या आऱ्यांचा पिसारा झालेला!

“ते चाक माजं हाय!” मी ओरडले.

त्यानं काळा चष्मा वर केला. डोळे मोठे, भेदरलेले... आणि मेल्याचे छान होते, याचा मला जास्त राग आला.

“मला भंगार वाटलं...”

“मग तुज्या घरच्या तव्याचा कर की मोर!”

मिस्त्री धावत आले. वेल्डिंग शिकणाऱ्यानं शेवटी भंगारातून आपल्या मनानं एक वस्तू जोडायची. मिस्त्री तिच्यावर दहा घाव घालणार. सांधा टिकला तर तो कारागीर, नाहीतर घरी. ही त्यांची रीत.

“हिरामण, गिऱ्हाइकाचं चाक मोडलंस? दुरुस्तीच्या मालावर मी गॅस करून उरलेल्या कार्बाइडच्या चुन्याचा पट्टा मारतो, दिसला नाय? परीक्षा राहू दे. जा तुज्या गावी पोशीरला, भाताची खाचरं नांगर!”

“चूक झाली,” तो एवढंच म्हणाला.

चाक टाकलं त्याच दिवशी, मिस्त्रींची पाठ वळताच, तो पांढरा पट्टा मीच पुसला होता. घाण वास मारत होता, आणि चाक आमच्या पिण्याच्या पाण्याचं!

“पट्टा नवताच, हे का नाय सांगितलंस रं?” मी दातओठ खात विचारलं.

“तुज्या तोंडावरनं कळलं, तूच पुसलास. मिस्त्री तुला बोलले असते...”

“मग बोलू दे! मला बोलता येत नाय?”

“येतं की. परवा रस्त्यावर एका लॉरीवाल्याला बोललीस, ते मागून ऐकलं मी.” आणि हसला. अशा वेळी!

मी मिस्त्रींना खरं सांगितलं. त्यांनी माझी अशी खरडपट्टी काढली, की रस्त्यावरचे लोक थांबले. ऐकून घेतलं आणि म्हटलं, “आता त्याची परीक्षा घ्या. हातोडा मला द्या.”

पहिले घाव सोललेल्या हातांच्या रागाचे. मग त्याच्या गप्प बसण्याचे. सातव्याला मात्र माझा हात आपोआप हलका पडला...

“हळू नको गं,” तो म्हणाला. “फसवून नाय ऱ्हायचं मला.”

वर शहाणपणा! उरलेले तीन असे घातले, की पिसारा वाकला. सांधा एकही सुटला नाही. मिस्त्रींनी कारागिराची गॅसची नळी त्याच्या हातात दिली आणि मोडीतल्या लष्करी लॉरीचं चाक पुढं टाकलं. “हिच्या विहिरीला बसव आधी.”

बसवलं त्यानं. मग तेल घालायला आला. दोन दिवसांनी पुन्हा आला. चौथ्यांदा आला, तेव्हा मी हंडा आपटला.

“चाकाला किती तेल लागतं रं?”

“चाकाला नाय लागत...” तो दोराकडं बघत पुटपुटला.

“मग कशाला येतोस?”

“तू वळख. तू म्हनशील तसं—”

“मी का म्हनू?” माझ्या तोंडाच्या भीतीनं दोन स्थळं परत गेलेली, हा तर रोज शिव्या खाऊन परत येत होता, आणि नेमकं तेच एक बोलत नव्हता. डोळ्यांत पाणी आलं रागानं. “तुला तोंड नाय?”

“हाय.” त्यानं पहिल्यांदा सरळ बघितलं. “शकू... मला तू पायजेस. लगीन करशील माज्याशी?”

“मग हे माज्या आयेला इचार!” मी ओरडले. “आणि आत्ता जा, ती घरात हाय. उद्यावर टाकलंस तर बघ!”